सुनावणीला नसलेल्या तिसऱ्याचं काय? प्रादेशिक करार-न्यायालयांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोघे कोर्टात भांडतात आणि निकालाचा फटका तिसऱ्याला बसतो, ही तक्रार जुनीच आहे. देशादेशांच्या करारांतून उभ्या राहिलेल्या न्यायालयांत ती जास्त टोचते, कारण तिथे तिसऱ्याला बोलावून उभं करण्याचा अधिकारच बहुतेक वेळा न्यायाधीशांकडे नसतो. कायद्याचे विद्यार्थी, वकील, पत्रकार आणि कुतूहलाने वाचणारे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराची गरज लागेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. प्रादेशिक करार-न्यायालय म्हणजे नेमकं कोणतं?

काही देशांनी करार करून स्थापलेलं आणि त्या कराराचाच अर्थ लावणारं न्यायालय. लक्झेंबर्गचं युरोपीय संघाचं न्यायालय, स्ट्रासबूर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय, कोस्टा रिकातल्या सान होसेचं आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालय, टांझानियातल्या आरुशा शहरात बसणारी दोन न्यायालयं (आफ्रिकी मानव व लोकाधिकार न्यायालय आणि पूर्व आफ्रिकी न्यायालय), पोर्ट ऑफ स्पेनचं कॅरिबियन न्यायालय, ही ठळक नावं. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय प्रादेशिक नाही, पण त्याचा उल्लेख पुढे येईल, कारण तिसऱ्या पक्षाचा प्रश्न निघाला की सगळे त्याच्याच निकालांकडे वळतात.

या सगळ्यांची ताकद एकाच गोष्टीतून येते: देशाची सही. सही नाही, तर त्या देशावर अधिकार नाही.

२. प्रतिवादी देश सुनावणीला आलाच नाही, तर त्यालाही अनुपस्थित तिऱ्हाईत म्हणायचं का?

नाही. हा गोंधळ फार होतो. रशिया १६ सप्टेंबर २०२२ पासून युरोपीय मानवाधिकार कराराचा सदस्य राहिला नाही आणि त्याने स्ट्रासबूर्गच्या कामकाजात भाग घेणं थांबवलं. तरी युक्रेन आणि नेदरलँड्स यांनी दाखल केलेल्या खटल्यात ९ जुलै २०२५ रोजी निकाल लागला. रशिया तिथे प्रतिवादी होता. त्याला नोटीस होती, बोलायची संधी होती, ती त्याने घेतली नाही.

तिऱ्हाईत तो, ज्याचं नाव खटल्याच्या शीर्षकात नाही, पण ज्याचं काहीतरी निकालावर अवलंबून आहे. असे तिऱ्हाईत मला तीन प्रकारचे दिसतात. एक, ज्याने करारावर सहीच केलेली नाही असा देश. दोन, कराराचा सदस्य, पण या वादात पक्षकार नसलेला देश. तीन, माणूस, कंपनी किंवा संपूर्ण लोकसमूह. पहिल्या दोघांबद्दल ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. तिसऱ्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं आहे, आणि या पानावरचे निम्मे प्रश्न त्याच्यासाठी आहेत.

३. निकाल तर फक्त पक्षकारांवर बंधनकारक असतो. मग तिसऱ्याचं बिघडतं काय?

कागदावर काही बिघडत नाही. युरोपीय मानवाधिकार कराराचं कलम ४६ सांगतं की देश आपण पक्षकार असलेल्या खटल्याचाच निकाल पाळायला बांधील आहे. हेगच्या न्यायालयाच्या संविधीचं (मूळ नियमावलीचं) कलम ५९ तेच म्हणतं.

प्रत्यक्षात मात्र निकाल तीन वाटांनी तिसऱ्यापर्यंत पोचतो. हरलेला देश निकाल पाळायला निघतो आणि घरच्या कोर्टात जिंकलेल्या माणसाच्या हातातून काहीतरी काढून घेतो: मूल, जमीन, नुकसानभरपाई (प्रश्न ९ आणि ११). दुसरी वाट कराराच्या अर्थाची. आज एका देशाच्या खटल्यात लावलेला अर्थ उद्या दुसऱ्या देशाच्या तोंडावर वाचून दाखवला जातो. कॅरिबियन न्यायालयात तर हे कराराच्या कलम २२१ मध्येच लिहिलेलं आहे. तिथले निकाल पुढच्या खटल्यांतल्या पक्षकारांसाठी बंधनकारक दाखले ठरतात. तिसरी वाट वस्तुस्थितीच्या निष्कर्षांची. 'अमुक देशाच्या माणसांनी छळ केला' हे वाक्य एकदा निकालपत्रात आलं, की तो देश पक्षकार होता की नव्हता हे नंतर कोणी विचारत नाही.

४. हा पेच पहिल्यांदा कुठे उभा राहिला?

मध्य अमेरिकेत, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी. हा खटला मुळातून समजून घेण्यासारखा आहे, कारण नंतरची सगळी भांडणं त्यात बीजरूपाने आहेत.

कोस्टा रिका, एल साल्वादोर, ग्वातेमाला, होंडुरास आणि निकाराग्वा या पाच देशांनी २० डिसेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टनमध्ये करार करून मध्य अमेरिकी न्यायालय स्थापन केलं. ते कोस्टा रिकातल्या कार्तागो शहरात बसू लागलं आणि १९१० च्या भूकंपानंतर सान होसेला गेलं. पाच देशांचे पाच न्यायाधीश, मुदत दहा वर्षांची. परिषद भरवण्यात अमेरिकेचा आणि मेक्सिकोचा पुढाकार होता, पण न्यायालयाच्या करारात अमेरिका नव्हती.

१९१४ मध्ये निकाराग्वाने अमेरिकेशी ब्रायन-चामोरो करार केला. ३० लाख डॉलरच्या बदल्यात निकाराग्वाने कालवा खोदण्याचा कायमचा हक्क दिला, आणि कॉर्न बेटं व फोन्सेका आखातातला नाविक तळ ९९ वर्षांसाठी दिला. कोस्टा रिका म्हणाला, १८५८ च्या सीमा-कराराप्रमाणे आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या १८८८ च्या निवाड्याप्रमाणे कालव्याबद्दल आम्हाला आधी विचारायला हवं होतं. एल साल्वादोर म्हणाला, फोन्सेकाचं पाणी आमच्या सामायिक मालकीचं आहे, तिथे परका तळ नको. दोघेही न्यायालयात गेले.

आता न्यायाधीशांपुढे प्रश्न आला. करार बेकायदा ठरवायचा, तर त्यावर सही करणारा दुसरा देश समोर नाही, आणि त्याला बोलावण्याचा अधिकार आपल्याला नाही. १९१६ च्या आणि ९ मार्च १९१७ च्या निकालांत त्यांनी मधली वाट काढली. निकाराग्वाने शेजाऱ्यांचे हक्क मोडले, हे ठामपणे सांगितलं. करार रद्दबातल ठरवायला मात्र नकार दिला, कारण तसं करणं म्हणजे ऐकून न घेतलेल्या अमेरिकेच्या हक्कांचा निवाडा करणं झालं असतं. एल साल्वादोरच्या खटल्यात निकाराग्वाला आदेश दिला की आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या सगळ्या मार्गांनी कराराआधीची स्थिती परत आण.

निकाराग्वाने ते मानलं नाही. दहा वर्षांची मुदत १९१८ मध्ये संपली तेव्हा न्यायालयही संपलं. बरेच जण याला न्यायालयाचं अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. जे आपल्यासमोर आहे त्याचा पुरता निवाडा करायचा, जो समोर नाही त्याच्या हक्काला हात लावायचा नाही, आणि पहिल्याच्या गळ्यात दुसऱ्याशी बोलून सोडवण्याची जबाबदारी घालायची, यापेक्षा प्रामाणिक तोड त्यानंतर कोणी काढलेली नाही. शिवाय त्या खटल्यात आणखी एक देश गैरहजर होता, होंडुरास. त्याची कथा प्रश्न १५ मध्ये.

५. 'मोनेटरी गोल्ड तत्त्व' हे नाव वारंवार ऐकू येतं. ते काय आहे?

१९४३ मध्ये जर्मन सैन्याने रोममधून अल्बानियाच्या राष्ट्रीय बँकेचं २३३८.७५६५ किलो सोनं नेलं. युद्धानंतर ते कोणाला द्यायचं यावर इटली हेगच्या न्यायालयात आली. समोर फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका. इटलीचा दावा तपासायचा तर आधी ठरवायला हवं होतं की अल्बानियाने इटलीचं काही नुकसान केलं का. अल्बानिया तर खटल्यात नव्हता. १५ जून १९५४ रोजी न्यायालय म्हणालं, गैरहजर देशाचा कायदेशीर हितसंबंध हाच निकालाचा गाभा असेल, तर त्याच्या संमतीशिवाय आम्ही निवाडा करू शकत नाही.

याची धार कुठे बोथट होते ते १९९२ च्या नाउरू खटल्यात दिसलं. नाउरू बेटावर ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि न्यूझीलंड असे तीन विश्वस्त होते, खटला एकट्या ऑस्ट्रेलियावर. बाकी दोघांवर निकालाची सावली पडेल हे उघड होतं, तरी खटला चालला. सावली पडणं वेगळं, गाभा असणं वेगळं.

१९९५ चा पूर्व तिमोर खटला मात्र मला अस्वस्थ करतो. पोर्तुगालने ऑस्ट्रेलियावर दावा लावला, कारण तिमोरच्या समुद्राबद्दल ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाशी करार केला होता. इंडोनेशिया गैरहजर, म्हणून न्यायालयाने हात आवरला. पूर्व तिमोरचे लोकही गैरहजरच होते. त्यांचा स्वयंनिर्णयाचा हक्क सगळ्या जगाविरुद्ध लागू आहे असं न्यायालयाने त्याच निकालात मान्य केलं. तरी वाट अडली ती देशाच्या गैरहजेरीने.

६. हे तत्त्व प्रादेशिक न्यायालयांना लागू होतं का? अमेरिका सदस्य नसताना स्ट्रासबूर्गने अमेरिकी हस्तकांच्या छळावर निकाल कसे दिले?

प्रतिवादी देश हे तत्त्व पुढे करतात. १९९९ च्या बेलग्रेडवरच्या बॉम्बहल्ल्याबद्दलच्या बान्कोविच प्रकरणात 'नाटो'च्या युरोपीय देशांनी ते केलं; अमेरिका आणि कॅनडा समोर नाहीत, तर तुम्ही ठरवणार कसं, असा युक्तिवाद होता. १२ डिसेंबर २००१ रोजी अर्ज अधिकारकक्षेच्या दुसऱ्याच कारणाने बाद झाला, त्यामुळे या मुद्द्यावर उत्तर आलंच नाही.

खरी पद्धत १९८९ च्या सोअरिंग निकालात दिसते. ब्रिटनने एका आरोपीला अमेरिकेच्या हवाली करायचं होतं, तिथे त्याला मृत्युदंडाच्या प्रतीक्षेत वर्षानुवर्षं कोठडीत राहावं लागण्याची शक्यता होती. न्यायालय म्हणालं, आम्ही अमेरिकेची जबाबदारी ठरवत नाही. धोका माहीत असताना माणूस सोपवणाऱ्या ब्रिटनची ठरवतो आहोत.

त्याच धाग्याने १३ डिसेंबर २०१२ रोजी मॅसेडोनियाला जबाबदार धरलं गेलं. स्कोप्ये विमानतळावर सीआयएच्या पथकाने एका माणसाचा छळ केला तेव्हा मॅसेडोनियाचे अधिकारी तिथे होते. भरपाई ६०,००० युरो. २०१४ मध्ये पोलंडवर तसेच दोन निकाल आले.

काही वाचक लिहितात की ही शब्दांची कसरत आहे, कारण अमेरिकेने काय केलं हे ठरवल्याशिवाय पोलंडचा दोष ठरतच नाही. आक्षेपात तथ्य आहे. तरी मी न्यायालयाच्या बाजूने आहे. नाहीतर प्रत्येक सदस्य देशाला एक सोपी ढाल मिळेल: घाणेरडं काम बाहेरच्याच्या हातून करून घ्यायचं आणि तो गैरहजर आहे म्हणून सुटायचं. गैरहजर देशाला न्याय द्यायचा तो पुराव्याची पातळी उंच ठेवून. दार बंद करून नव्हे.

७. तिसऱ्याला आत यायचं असेल तर दार कुठे आहे?

प्रत्येक न्यायालयात वेगळं आहे, आणि कोणाला किती उघडं यातच सगळं कळतं.

स्ट्रासबूर्गला कलम ३६ आहे. अर्जदार ज्या देशाचा नागरिक, त्या सदस्य देशाला लेखी म्हणणं मांडण्याचा आणि सुनावणीत भाग घेण्याचा हक्क आहे. इतर सदस्य देशांना आणि 'संबंधित व्यक्तीला' न्यायालयाचे अध्यक्ष परवानगी देऊ शकतात. युरोप परिषदेच्या मानवाधिकार आयुक्तांना १ जून २०१० पासून हक्क मिळाला. परवानगी मागायला सर्वसाधारणपणे १२ आठवडे.

लक्झेंबर्गला संविधीचं कलम ४० लागतं. सदस्य देश आणि संघाच्या संस्था थेट आत येतात. बाकीच्यांना निकालात आपला हितसंबंध आहे हे दाखवावं लागतं. आणि वाद देश विरुद्ध देश, संस्था विरुद्ध संस्था किंवा देश विरुद्ध संस्था असा असेल, तर त्यांना दार पूर्ण बंद. आत आल्यावरही दोनपैकी एका पक्षाची मागणी उचलून धरायची, स्वतःची तिसरी मागणी करता येत नाही. राष्ट्रीय कोर्टाने अर्थ विचारण्यासाठी प्रश्न पाठवला असेल, तर मूळ खटल्यात नसलेल्या माणसाला जागाच नाही. ज्याला तिथे बोलायचं आहे त्याने आधी घरच्या कोर्टात पक्षकार व्हावं, हाच व्यवहार्य सल्ला.

पूर्व आफ्रिकी न्यायालय यात उदार. करारातलं कलम ४० सदस्य देशात राहणाऱ्या कोणालाही न्यायालयाच्या परवानगीने येऊ देतं. आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाच्या स्थापना-संलेखात (पूरक करारात) हितसंबंध असलेल्या सदस्य देशाला सामील होण्याची विनंती करता येते.

कॅरिबियन न्यायालयात देश, समुदाय किंवा व्यक्ती, ज्याचा भरीव कायदेशीर हितसंबंध आहे तो अर्ज करू शकतो. २०१३ मध्ये जमैकाच्या एका महिलेने बार्बाडोसविरुद्ध जिंकलेल्या खटल्यात जमैका असाच आत आला होता.

८. न्यायमित्र आणि हस्तक्षेपकर्ता एकच का? आणि त्यांच्या गर्दीने अर्जदारावर अन्याय होत नाही का?

नाही. निकालात स्वतःचा हितसंबंध आहे म्हणून आत येतो तो हस्तक्षेपकर्ता. न्यायमित्राचा स्वतःचा हितसंबंध असायला हवा असं नाही. तो न्यायालयाला माहिती किंवा कायद्याचा विचार देतो आणि बाजूला होतो. आंतर-अमेरिकी न्यायालयात वादाच्या खटल्यात बाहेरच्याला मुख्यतः हाच मार्ग आहे, आणि लेखी मत तोंडी सुनावणीनंतर १५ दिवसांत द्यावं लागतं. ज्याचं घर निकालावर अवलंबून आहे, त्याला न्यायमित्राची खुर्ची देणं म्हणजे जखमी माणसाला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बसवणं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: होऊ शकतो. इटलीतल्या शाळांच्या वर्गात भिंतीवर क्रूस असावा का, या खटल्यात २००९ मध्ये स्ट्रासबूर्गला अर्जदार जिंकली. त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे (अधिक न्यायाधीशांच्या पीठापुढे) दहा देशांची सरकारं इटलीच्या बाजूने उतरली आणि १८ मार्च २०११ रोजी निकाल उलटला. निकाल त्यामुळेच उलटला असं मी म्हणणार नाही. पण एका बाजूला एक कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला अकरा सरकारं, हे चित्र तिऱ्हाइतासाठी दार उघडा म्हणणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांपुढे ठेवायला हवं.

९. दत्तक किंवा मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात मूल सांभाळणाऱ्या कुटुंबाला स्ट्रासबूर्गमध्ये कोण ऐकतं?

या विषयावर सर्वाधिक पत्रं येतात, आणि ती वाचताना जीव कासावीस होतो.

रचनाच पाहा. घरच्या कोर्टात वाद असतो आई किंवा वडील विरुद्ध सांभाळणारं कुटुंब. हरलेला पालक स्ट्रासबूर्गला जातो तेव्हा समोर कुटुंब नसतं, देश असतो. देशाचा वकील आपल्या कोर्टाचा निकाल बचावतो. त्या घराची बाजू त्यात ओघाने आली तर आली. मूल तर दोन्हीकडे नाही.

२६ फेब्रुवारी २००४ रोजी जर्मनीविरुद्ध असा निकाल लागला. एका वडिलांना त्यांच्या मुलापासून दूर ठेवलं होतं, मूल दुसऱ्या कुटुंबात वाढत होतं. स्ट्रासबूर्गने वडिलांच्या बाजूने कौल दिला. मग जर्मन कोर्टांत तो पाळायचा कसा यावर वाद पेटला आणि १४ ऑक्टोबर २००४ रोजी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने लिहिलं की स्ट्रासबूर्गचे निकाल कोर्टांनी विचारात घेतलेच पाहिजेत. मात्र जिथे अनेकांचे मूलभूत हक्क एकमेकांत गुंतलेले असतात, तिथे व्यक्ती विरुद्ध देश या साच्यात सगळ्यांचं चित्र पूर्ण उमटत नाही, आणि घरच्या खटल्यातला दुसरा पक्ष स्ट्रासबूर्गला पक्षकार असतोच असं नाही.

या परिच्छेदाला अनेकांनी राष्ट्रीय अहंकार म्हटलं. मला त्यात गैरहजर माणसाची कळकळ दिसते, आणि पुढे तीच वाट अंशतः रुळली. १० सप्टेंबर २०१९ रोजी नॉर्वेविरुद्धच्या दत्तक प्रकरणात मोठ्या पीठाने निकाल दिला, तेव्हा दत्तक आईवडिलांना आपलं म्हणणं मांडू दिलं होतं. कलम ३६ मधल्या 'संबंधित व्यक्ती' या शब्दांचा असाच उपयोग व्हायला हवा.

१०. आपल्यावर परिणाम करणारा खटला चालू आहे, हे न्यायालय कळवतं का?

देशाला बहुतेकदा कळवतं. माणसाला बहुतेकदा नाही.

स्ट्रासबूर्गचं कार्यालय अर्जदाराच्या देशाला कागद पाठवतं. घरच्या कोर्टात जिंकलेल्या शेजाऱ्याला, दत्तक आईला, प्रकाशकाला कळवण्याचं सर्वसाधारण बंधन त्याच्यावर नाही. लक्झेंबर्गला दाखल झालेल्या थेट दाव्याची सूचना अधिकृत राजपत्रात छापली जाते आणि तिथपासून सहा आठवडे मिळतात. राजपत्र रोज वाचणारा माणूस सापडेल तेव्हा. कॅरिबियन करारात जरा बरी तरतूद आहे: एखाद्या कराराच्या अर्थाचा प्रश्न असेल तर निबंधकाने त्यातल्या इतर सदस्यांना तातडीने कळवायचं.

प्रश्न ७ मधली सगळी दारं या एका उणिवेमुळे निम्मी निरुपयोगी होतात. ज्याला माहीतच नाही, तो १२ आठवड्यांत अर्ज काय करणार? माझी मागणी साधी आहे. अर्जदाराने अर्ज भरताना घरच्या खटल्यातल्या समोरच्या पक्षाचं नाव आणि पत्ता द्यावा, आणि अर्ज प्रतिवादी देशाकडे गेला त्याच दिवशी एक पत्र त्या पत्त्यावरही जावं.

११. जमिनीच्या वादात काय होतं? नवा मालक तिऱ्हाईत असेल तर?

आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या विकास समुदायाच्या (SADC) न्यायाधिकरणातलं झिंबाब्वेचं प्रकरण वाचा. सरकारने ज्यांच्या शेतजमिनी घेतल्या, अशा एका शेतकऱ्याने आणि त्याच्या कंपनीने २००७ मध्ये दावा लावला. पुढे आणखी सत्तरहून अधिक शेतकऱ्यांना सामील होऊ दिलं. ज्यांना त्या जमिनी वाटल्या होत्या, त्यांच्यापैकी काहींनीही आत येण्याचा अर्ज केला. सप्टेंबर २००८ मध्ये तो फेटाळला गेला. या न्यायाधिकरणाची कक्षा देश विरुद्ध देश किंवा व्यक्ती विरुद्ध देश एवढीच होती. दोन शेतकऱ्यांतला वाद त्यात बसत नव्हता. २८ नोव्हेंबर २००८ रोजी निकाल मूळ शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. २०१० मध्ये सदस्य देशांनी न्यायाधिकरणाचं कामच थांबवलं.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यावर अन्याय झाला, हे मी निकालाप्रमाणेच मानतो. तरी नव्या कब्जेदाराचं न ऐकता जमिनीचा निकाल देणं कमकुवतच होतं. ऐकून घेऊन त्याच्याविरुद्ध निकाल दिला असता तर तो अधिक भक्कम उभा राहिला असता.

१२. निकाल लागल्यावर कळलं. आता काही करता येतं का?

लक्झेंबर्गला येतं. संविधीचं कलम ४२ सांगतं की आपल्याला न ऐकता दिलेल्या आणि आपल्या हक्कांना बाधक ठरणाऱ्या निकालाला सदस्य देश, संस्था किंवा कोणतीही व्यक्ती आव्हान देऊ शकते. राजपत्रात प्रसिद्धी झाली असेल तर मुदत दोन महिन्यांची. मूळ खटल्यात का येता आलं नाही, हे मात्र पटवून द्यावं लागतं.

स्ट्रासबूर्गला अशी सोय नाही. मोठ्या पीठाकडे प्रकरण नेण्याची विनंती तीन महिन्यांत फक्त पक्षकार करू शकतो, नव्या तथ्यावरून फेरविचारही फक्त पक्षकारच मागू शकतो. उरतं ते घरचं कोर्ट. निकालानंतर तिथे खटला पुन्हा उघडायचा का, हे ठरवताना सद्भावनेने हक्क मिळवलेल्या तिऱ्हाइतांचा विचार करावा लागतो, हे स्ट्रासबूर्गच्या मोठ्या पीठाने ५ फेब्रुवारी २०१५ च्या युक्रेनविरुद्धच्या निकालात मान्य केलं आहे. ऐनवेळी हाताशी येणारा आधार तोच.

१३. तिऱ्हाईत म्हणजे संपूर्ण लोकसमूह असेल तर?

पश्चिम सहारा, म्हणजे मोरोक्कोच्या ताब्यातली, पण जिथल्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा प्रश्न सुटलेला नाही ती भूमी. एकाच प्रश्नावर दोन खंडांतल्या दोन न्यायालयांनी निकाल दिले आणि गैरहजेरीचे दोन चेहरे दिसले.

लक्झेंबर्गला युरोपीय संघ आणि मोरोक्को यांच्यातला व्यापारी करार होता. २१ डिसेंबर २०१६ रोजी न्यायालय म्हणालं, करार फक्त करणाऱ्यांना बांधतो. पश्चिम सहाराचे लोक या कराराच्या दृष्टीने तिसरा पक्ष आहेत, त्यांच्या संमतीशिवाय तो त्यांच्या भूमीला लागू होत नाही. मग संघाने मोरोक्कोशी नवी व्यवस्था केली आणि तिथल्या रहिवाशांशी सल्लामसलत केल्याचं सांगितलं. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी मोठ्या पीठाने ते नाकारलं: आज त्या भूमीत राहणारी लोकसंख्या आणि स्वयंनिर्णयाचा हक्क असलेले लोक एक नव्हेत, त्या लोकांतले बरेच जण तर भूमीबाहेर आहेत. मौन हीसुद्धा संमती मानता येईल, पण तेव्हाच, जेव्हा करार त्यांच्यावर बंधन टाकत नसेल आणि त्यांना ठोस, पडताळता येणारा लाभ देत असेल. गैरहजर लोकांच्या बाजूने मी वाचलेली ही सर्वांत बारकाईची मांडणी आहे. मोरोक्को स्वतः पक्षकार नव्हता, पण मोरोक्कोच्या शेतकरी महासंघाला हस्तक्षेप करू दिला होता.

आरुशाला उलटं. बेनिन, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, घाना, माली, मलावी, टांझानिया आणि ट्युनिशिया या आठ देशांवर आरोप होता की सहरावी (पश्चिम सहाराच्या) लोकांच्या हक्कांसाठी त्यांनी काही केलं नाही. सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताक आणि मॉरिशस यांनी हस्तक्षेप केला. मोरोक्को त्या न्यायालयाच्या संलेखाचा सदस्यच नाही. २२ सप्टेंबर २०२२ रोजी आठही देश सुटले, पण मोरोक्कोचा ताबा स्वयंनिर्णयाच्या हक्काशी विसंगत आहे, असं निकालात लिहिलं गेलं. तो निष्कर्ष चूक आहे असं मला वाटत नाही. मात्र आठ देशांना निर्दोष ठरवण्यासाठी त्याची गरज किती होती, हा प्रश्न विचारायलाच हवा. १९१७ च्या न्यायाधीशांनी (प्रश्न ४) तो स्वतःला विचारला होता.

१४. गैरहजर पक्ष देश नसून आंतरराष्ट्रीय संघटना असेल तर? आणि सल्लागार मत ही पळवाट आहे का?

संघटनेवर बहुधा दावा लावता येत नाही, पण तिला बोलू देतात. २००५ च्या बॉस्फरस खटल्यात आयर्लंडने युरोपीय नियमाप्रमाणे विमान अडकवून ठेवलं होतं; युरोपीय आयोगाने स्ट्रासबूर्गला म्हणणं मांडलं. २००७ मध्ये कोसोव्होच्या प्रकरणात संयुक्त राष्ट्रांनी म्हणणं मांडलं, आणि कृत्यं संयुक्त राष्ट्रांची ठरल्यामुळे अर्जच अग्राह्य झाले. अर्जदारांना दाद मागायला जागा उरली नाही.

सल्लागार मताबद्दल (म्हणजे खटला नसताना कायद्याच्या प्रश्नावर न्यायालयाने दिलेलं मत): कधीकधी, हो. मेक्सिकोने परदेशी कैद्यांच्या वकिलातीशी संपर्काच्या हक्काबद्दल आंतर-अमेरिकी न्यायालयाला प्रश्न विचारला तेव्हा हा अमेरिकेशी चाललेला वादच आहे, फक्त वेश बदलून, असा अमेरिकेचा आक्षेप होता. १ ऑक्टोबर १९९९ रोजी न्यायालयाने उत्तर दिलं. पण अमेरिका त्या कराराची सदस्य नसतानाही तिला बोलू दिलं होतं, आणि म्हणून मला ती प्रक्रिया अन्यायाची वाटत नाही.

१५. हस्तक्षेप केला की निकाल आपल्यावरही बंधनकारक होतो का?

न्यायालयावर अवलंबून. स्ट्रासबूर्गला होत नाही. कॅरिबियन करारात, निबंधकाकडून सूचना मिळालेल्याने आत यायचं ठरवलं तर लावलेला अर्थ त्यालाही बांधतो.

हेगचं उत्तर पुन्हा फोन्सेका आखाताकडे (प्रश्न ४) नेतं. १९१७ मध्ये मध्य अमेरिकी न्यायालयाने आखाताचं पाणी किनाऱ्यावरच्या तिन्ही देशांच्या सामायिक मालकीचं मानलं, तेव्हा तिसरा देश होंडुरास खटल्यात नव्हता. सामायिक मालकी आपल्याला मान्य नाही असं त्याने १९१६ मध्येच कळवलं होतं. पुढे एल साल्वादोर आणि होंडुरास यांचा वाद हेगला गेला. यावेळी गैरहजर होता निकाराग्वा. त्याने अर्ज केला आणि १३ सप्टेंबर १९९० रोजी त्याला परवानगी मिळाली. हितसंबंधाच्या आधारावर हेगच्या न्यायालयात मिळालेली ती पहिलीच परवानगी.

११ सप्टेंबर १९९२ च्या निकालात पीठाने सांगितलं की १९१७ चा निकाल होंडुरासला बांधत नाही, पण सक्षम न्यायालयाचा दाखला म्हणून आम्ही तो विचारात घेऊ. आणि होंडुरासचं पूर्ण ऐकून घेतल्यावर, किनाऱ्यालगतचा पट्टा सोडून आखाताचं पाणी तिन्ही देशांचं सामायिकच ठरलं. निकाराग्वा पक्षकार न होता आत आला होता, म्हणून त्या पीठाच्या मते हा निकाल त्याच्यावर बंधनकारक नव्हता. १९१७ च्या निकालात स्वतः पक्षकार असलेला निकाराग्वा अशा रीतीने यावेळी मोकळा राहिला, आणि होंडुरासला ७५ वर्षांनी आपलं म्हणणं न्यायाधीशांसमोर मांडता आलं.